फटफटीचा पाठभेद

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, आमच्या हातून एक चूक झाली. ती कोणाच्या लक्षात आली नाही आणि तिच्याबद्दल कोणी जाबही विचारला नाही. परंतु आम्ही दोघेही गेली काही वर्षे पाठचिकित्सा हा विषय शिकवीत असल्यामुळे ती आम्हाला स्वस्थ बसू देईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही इस्लापूरला मराठी शिकवतो. किनवट तालुक्यातील हे गाव, पैनगंगेच्या अलीकडच्या अंगाला. सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला येणाऱ्यांना ते ठाऊक असते, इतरांना रेल्वेच्या वेळापत्रकातून. १९४८ पूर्वी ही नदी निजामाच्या हैदराबाद संस्थानाची सीमा होती. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. रझाकारांच्या काळात या काठावरची माणसे रातोरात पलीकडे जात, आणि पलीकडच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून चळवळीची माणसे इकडे येत. त्यामुळे आमच्या भागातील जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात नदी ओलांडण्याची एक तरी गोष्ट असते. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने अशा गोष्टी, कागदपत्रे आणि वस्तू विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन गोळा कराव्यात आणि त्यांचे छोटेसे प्रदर्शन मांडावे, असे आम्ही सुचवले. सूचना चांगली होती. पुढे जे घडले त्याची जबाबदारीही आमचीच.

बी. ए. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आपल्या पणजोबांचे छायाचित्र आणले. मोटारसायकलीशेजारी धोतर, सदरा व टोपी घातलेला एक तरुण, आणि गाडीच्या टाकीवर बसवलेली एक लहान मुलगी. खाली तिने सुवाच्य अक्षरात लिहिले होते की, मुक्तिसंग्रामात बुलेटवरून निरोप पोहोचविणारे आमचे पणजोबा, १९४८. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी ही गोष्ट. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एका जाणकार पाहुण्यांनी भिंतीसमोर उभे राहून शांतपणे सांगितले की, हे शक्य नाही. बुलेट आपल्या देशात आली ती पन्नाशीच्या दशकात, लष्करासाठी. मद्रासचा कारखाना त्याहीनंतरचा. १९४८ मध्ये इस्लापूरच्या माणसाजवळ बुलेट कोठून असणार? प्रश्न बिनतोड वाटला. आम्ही विद्यार्थिनीला बाजूला बोलावून समजावले आणि दुपारपर्यंत छायाचित्र भिंतीवरून उतरवले. ती काही बोलली नाही. छायाचित्र वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन गेली.

आमची चूक ती हीच. एका चुकीच्या शब्दामुळे आम्ही संपूर्ण संहिता फेटाळली. हस्तलिखितांच्या बाबतीत असे कोणी केले असते तर आम्ही वर्गात त्याची थट्टा केली असती. ज्ञानेश्वरीच्या एखाद्या पोथीत उत्तरकालीन शब्द सापडला म्हणून ज्ञानेश्वरी उत्तरकालीन ठरत नाही. तो शब्द कोणा लेखकूने घातला, केव्हा घातला, त्याच्याखाली मूळ कोणते रूप असावे, हे पाहावे लागते. मराठीत या कामाची परंपरा जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठभेद माजले म्हणूनच. हे सारे आम्ही परीक्षेत विचारतो. आणि आमच्यासमोर घरगुती संहितेची एक प्रत आली तेव्हा 'बुलेट' हा शब्द लेखकूचा तर नाही ना, एवढी साधी शंकाही आम्हाला आली नाही.

नांदेड-किनवट भागात कोणत्याही जुन्या, जड, मोठा आवाज करणाऱ्या दुचाकीला बुलेट म्हणतात. त्याआधीची पिढी तिला फटफटी म्हणत असे. 'फटफटी' हा आवाजावरून आलेला शब्द. त्यात कोणत्याही कंपनीचा दावा नाही. पणजोबांच्या पिढीने 'फटफटी' म्हटले असेल, त्याचे मुलांनी 'बुलेट' केले असेल आणि पणतीने ते टिपणात उतरवले. दुर्बोध किंवा जुनाट शब्दाच्या जागी आपल्या काळातला ओळखीचा शब्द घालणे, हे तर लेखकूंचे सर्वपरिचित लक्षण!

महिनाभराने आम्ही त्या घरी गेलो आणि मूळ प्रत पाहायला मागितली. प्रदर्शनात लावलेली प्रत मूळ नव्हती, हे तेथे कळले. मूळ छायाचित्राचा फोटो काढून, तालुक्याच्या गावी संगणकावर 'साफ' करून, रंग भरून ती तयार केलेली होती. टाकी तांबडी झाली होती, आकाश निळे झाले होते आणि गाडीच्या खालच्या भागातले बारकावे गुळगुळीत होऊन गेले होते. आजकाल हे काम मोबाइलवर चार क्षणांत होते. यंत्र पुसट जागा भरून काढते, पण जेथे काहीच दिसत नाही तेथे नेहमी जसे असते तसे रंगवून टाकते. प्रामाणिक लेखकू अस्पष्ट जागी अक्षर सोडून देतो, अतिउत्साही लेखकू ओळ पुरी करतो. आम्ही एका अतिउत्साही लेखकूची प्रत भिंतीवर लावली होती.

मूळ छायाचित्र तळहाताएवढे, कृष्णधवल आणि कडेला पिवळे पडलेले आहे. मागे कापडी पडदा टांगलेला, पण तो अपुरा पडल्यामुळे उजवीकडे रचलेल्या लाकडाच्या ओंडक्यांची टोके दिसतात. छायाचित्र स्टुडिओतले नसून उघड्यावर, लाकडाच्या डेपोत घेतलेले. टाकीवरच्या मुलीचा चेहरा हलल्यामुळे धूसर आहे. तरुण गाडीवर बसलेला नाही. तो शेजारी उभा आहे, एक हात हँडलवर ठेवून, जसा आपण दुसऱ्याच्या बैलाच्या पाठीवर ठेवतो.

गाडी ओळखण्याचे काम आम्हाला येत नव्हते. नांदेडमधील एका वृद्ध मिस्त्रींनी ते शिकवले. त्यांनी भिंग मागितले, एक मिनिटभर पाहिले आणि म्हणाले, "सर, ही बुलेट नाही. हिला मागं शॉकअपच नाही." त्यांचे हे एक वाक्य म्हणजे आमच्या साऱ्या प्रकरणाची चावी होती. १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवली गेलेली आणि नंतर आपल्या लष्कराने घेतलेली बुलेट ही मागच्या चाकाला झोके घेणारा दांडा आणि दोन शॉकअप असलेली गाडी होती. पुढचा फोर्क नळीच्या आत नळी सरकणारा. छायाचित्रातील गाडीचे मागचे चाक मात्र सांगाड्यालाच घट्ट बांधलेले. खड्ड्यांचे धक्के सोसायला आसनाखालच्या स्प्रिंगा तेवढ्या. पुढे चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि मध्यभागी एक जाड स्प्रिंग. ही जुनी, युद्धपूर्व पद्धत. नळीचे फोर्क ब्रिटिश गाड्यांत सर्रास आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. मॅचलेस कंपनीने लष्करासाठी ते १९४१ मध्येच आणले होते, पण तो अपवाद.

येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 'बुलेट' हे नावही १९४८ चे नाही. रॉयल एनफील्डने ते १९३२ पासून वापरले, आणि ती पहिली बुलेट जुन्या चौकटीच्या फोर्कचीच होती. म्हणजे पाहुण्यांचे विधान जेवढे ठाम होते तेवढे पक्के नव्हते. भारतीय लष्कराच्या मागणीनंतर बुलेटचा येथे प्रसार झाला आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली, हे खरे. पण प्रसाराची तारीख ही अस्तित्वाची तारीख नसते.

मिस्त्रींनी पुढे इंजिनाकडे बोट दाखवले. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह वर असतात त्याचे डोके उंच दिसते, आणि पुष्कळ गाड्यांत त्या व्हॉल्व्हना हलवणाऱ्या दांड्यांच्या नळ्याही बाजूने वर जाताना दिसतात. या गाडीचे डोके चपटे, झाकणासारखे. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी. असे इंजिन वेगाला कमी, पण ओढीला चिवट, दुरुस्तीला सोपे. म्हणूनच ते लष्कराला आवडे. पाचशेच्या आसपास सीसीचे, एक सिलिंडरचे, शेजारी व्हॉल्व्ह असलेले, मागे शॉकअप नसलेले असे वर्णन जमले की दोन नावे पुढे येतात. एक बीएसए कंपनीची एम-२०, इंजिन ४९६ सीसी. दुसरी नॉर्टनची १६ एच, इंजिन ४९० सीसी. युद्धकाळात ब्रिटिश फौजांसाठी बीएसएने सव्वा लाखाहून अधिक एम-२० बनवल्या, आणि नॉर्टनच्या लष्करी गाड्यांची संख्याही लाखाच्या घरात जाते. दोन्ही बर्मिंगहॅमच्या. नॉर्टनमध्ये मॅग्नेटो साखळीवर फिरतो, त्यामुळे इंजिनाच्या उजव्या अंगाला त्या साखळीचे लांबट झाकण उठून दिसते. बीएसएमध्ये तो दातेरी चाकांवर फिरतो. आमच्या छायाचित्रात ते लांबट झाकण दिसत नाही. त्यामुळे मिस्त्रींचा कौल बीएसएला. तरी त्यांनी सावधपणे सांगितले की, याच गाडीची एम-२१ नावाची जरा मोठ्या इंजिनाची बहीण बाहेरून हुबेहूब अशीच दिसते आणि खरी ओळख इंजिनाच्या पेटीवर ठोकलेल्या आकड्यावरूनच पटते. तो आकडा छायाचित्रात येत नाही. पुढच्या मडगार्डवरची नंबरप्लेट आहे, पण गाडी बाजूने टिपल्यामुळे प्लेटची फक्त कड दिसते. हस्तलिखिताचा नेमका समाप्तीलेखाचा कोपराच उंदराने खावा, तसा हा प्रकार.

छायाचित्र उलटे छापले गेले नाही ना, हेही पाहावे लागते. काचेची पट्टी किंवा फिल्म उलटी ठेवली तर डावे उजवे होते. ज्यांनी जुनी बुलेट चालवली आहे त्यांना ठाऊक असेल की ब्रिटिश धाटणीच्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. छायाचित्रात गाडीचे तोंड उजवीकडे आहे, आणि समोरच्या अंगाला सायलेन्सर, किक व गिअरचा दांडा दिसतो. तरुणाच्या सदऱ्याची बटणपट्टीही पुरुषांच्या कपड्याला असते तशीच. म्हणजे प्रत सुलटी आहे.

एवढा मजकूर वाचून साहित्याच्या वाचकाला वाटेल की, हे आम्हाला कशासाठी सांगता? 'शोले' (१९७५) मधली साइडकारवाली गाडी बीएसएची होती, एवढी माहिती पुरे की! आमचे म्हणणे असे की, हा तपशील साहित्याच्या विद्यार्थ्यालाच अधिक कळायला हवा. भाषेचा अभ्यासक विभक्तिप्रत्ययावरून ग्रंथाचा काळ ठरवतो, तसाच मिस्त्री फोर्कवरून छायाचित्राचा. फोर्क हा प्रत्ययच आहे. माणसे पोशाख बदलून, टोपी घालून, उसना रुबाब आणून छायाचित्राला उभी राहतात. फोर्क मात्र कोणासाठी बदलत नाही. छायाचित्रातील सर्वांत कमी बोलकी वस्तू ही पुष्कळदा सर्वांत कमी खोटे बोलणारी असते.

परंतु ती वस्तू जेवढे बोलते तेवढेच ऐकले पाहिजे, आणि येथेच उत्साही संशोधकाचा पाय घसरतो. गाडी बुलेट नाही हे कळल्यावर आम्हाला आनंद झाला. पाहुण्यांचा आक्षेप कोसळला. एम-२० चे उत्पादन १९३७ पासून होत होते, म्हणजे ती १९४८ मध्ये येथे असू शकत होती. आम्ही जवळजवळ निर्णय देऊन बसलो की, घरची गोष्ट खरी. मग लक्षात आले की हे अनुमान पहिल्या चुकीइतकेच उतावळे आहे. गाडीच्या घडणीवरून छायाचित्राची फक्त अलीकडची मर्यादा ठरते. १९३७ पूर्वीचे ते नाही, एवढेच. पलीकडची मर्यादा गाडी सांगत नाही. १९४२ साली बनलेली गाडी १९६२ मध्येही रस्त्यावर असते. युद्ध संपल्यावर लष्कराचा अतिरिक्त माल विक्रीला निघाला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो. जीपगाड्या, तंबू, बूट, ब्लँकेटे यांच्याबरोबर फटफट्याही बाजारात आल्या आणि पुढे दशकभर किंवा अधिक काळ खेड्यापाड्यांत चालत राहिल्या.

पलीकडची मर्यादा शोधण्यासाठी आम्ही छायाचित्र उलटवले. पाठीवर जांभळ्या शाईचा अर्धा पुसलेला शिक्का. मजकूर उर्दू आणि मराठी अशा दोन्ही लिप्यांत. उर्दू वाचणाऱ्या एका सहकाऱ्यांची मदत घेतली. दोन शब्द निश्चित लागले, किनवट आणि आदिलाबाद. हा शिक्का म्हणजे आमच्या भागाचा इतिहासच. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्रप्रदेशात गेला आणि किनवट नांदेड जिल्ह्यात आले. तेव्हा शिक्का १९५६ पूर्वीचा. मात्र येथेही एक काटा आहे. रबरी शिक्का बनवल्यावर तो झिजेपर्यंत वापरला जातो. जिल्हा बदलला म्हणून गावाकडचा छायाचित्रकार दुसऱ्या दिवशी नवा शिक्का करून घेत नाही. तरीसुद्धा छायाचित्र पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापलीकडे फार गेलेले नसावे, असे म्हणायला हरकत नाही.

राहता राहिली टाकीवरची मुलगी. ती कोण, हा प्रश्न आम्ही इतक्या उशिरा विचारला याची आम्हाला लाज वाटते. पाहुणे, आम्ही, मिस्त्री, घरातले पुरुष, सगळ्यांनी गाडी कोणती हेच विचारले. मुलगी कोण हे विचारताच विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ती आमची मोठी आजी. ती आहे की आत."

मोठी आजी म्हणजे पणजोबांची थोरली लेक, वय ऐंशीच्या पुढे. किती पुढे ते सांगता येत नाही. शाळेच्या दाखल्यावर आमच्या भागात असंख्य माणसांचा जन्म गुरुजींनी लिहिलेल्या १ जूनला झालेला असतो, आणि आजींजवळ तर दाखलाही नाही. छायाचित्र हातात दिल्यावर त्यांनी ते लांब धरले, हसल्या आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे, "चटका बसला व्हता टाकीचा. उन्हात उभी केलेली ना. म्हणून तर म्या हल्ले." चेहरा धूसर का, याचे उत्तर त्यांनी आम्ही न विचारताच दिले.

मग हळूहळू बाकीचे आले. गाडी बापाची नव्हती. "बापाची कुठली बाई, ठेकेदाराची व्हती ती. बाप हिसाब लिव्हायचा त्याच्याकडं. त्याला चालवता बी येत नव्हती." सागवानाचा ठेकेदार, त्याचा डेपो, त्याची डिस्पोजलमधली फटफटी, आणि शेजारी त्याचा मुनीम. छायाचित्र केव्हाचे? "रझाकाराच्या वक्ताला आमी नदीच्या पल्याड गेलो व्हतो. परत आल्यावरचं हे. डेपो पुन्हा चालू झाला तवाचं." म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरचे. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्यानंतर केव्हातरी ही माणसे परतली. छायाचित्र संग्रामाचे नाही. पण घराला, कामाला परत लागल्याचे आहे. आम्हाला ते त्यामुळे कमी मोलाचे वाटत नाही.

आणि निरोप? ते कोण पोहोचवत असे? आजींनी आमच्याकडे असे पाहिले की जणू हे सगळ्यांना माहीत असायला हवे. "निरोप माय न्यायची. भाकरीच्या टोपल्यात. गड्यावर पाळत असायची, बाईकडं कोण बघतं?"

ओसरीवर बसलेले घरातले दोघे पुरुष एकदम बोलले, "तिला आता नीट आठवत नाही सर." आजी गप्प झाल्या. छायाचित्र त्यांनी विद्यार्थिनीच्या हातात दिले आणि पदर सारखा केला.

आमच्या लेखाचे सारे प्रयोजन या एका क्षणात आहे. ज्या आजींना टाकीचा चटका आठवतो, ठेकेदार आठवतो, डेपो आठवतो, आणि ज्यांच्या सांगण्याला छायाचित्रातील ओंडके, धूसर चेहरा आणि हँडलवरचा तो परका हात दुजोरा देतात, त्यांची स्मृती नेमकी आईचे नाव निघताच नादुरुस्त ठरते! आणि ज्या गोष्टीला दुजोरा देणारे छायाचित्रात काहीही नाही, ती पणजोबांची बुलेटवरची गोष्ट घराची अधिकृत आवृत्ती ठरते. आम्ही पणजोबांना खोटे ठरवत नाही. त्यांनी स्वतः असे काही सांगितले होते की पुढच्यांनी छायाचित्र पाहून ते रचले, हे ठरवायला साधन उरलेले नाही. पणजीचीही गोष्ट सिद्ध झाली, असे आमचे म्हणणे नाही. भाकरीच्या टोपलीला इंजिन नंबर नसतो. ती कोणी छायाचित्रात टिपत नाही, आणि पन्नास वर्षांनी ती ओळखून देणारा मिस्त्रीही मिळत नाही.

म्हणूनच आमचा एक आक्षेप आहे, आणि तो आमच्याच व्यवसायबंधूंवर आहे. स्थानिक इतिहासाचे, मौखिक परंपरेचे प्रकल्प आता महाविद्यालयांत सर्रास होतात. त्यांत दोनच वृत्ती आढळतात. एक भाविकाची. घरातल्यांनी सांगितले ते सगळे खरे, ते लिहा, टाळ्या वाजवा. दुसरी पंचाची. एक विसंगती सापडली की सगळे खोटे, भिंतीवरून उतरवा. या दोन्ही वृत्ती आळशी आहेत, कारण दोघींनाही संहिता वाचायची नसते. नाव चुकले म्हणून आठवण खोटी ठरत नाही, आणि वस्तू ओळखली म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. या दोहोंच्या मधला जो कष्टाचा भाग, तो आपला. त्यासाठीच तर आपल्याला मराठीचे शिक्षक म्हणून पगार मिळतो.

या मधल्या भागासाठी परक्या सिद्धांतांकडे धाव घेण्याचीही गरज नाही. महानुभावांचे उदाहरण घरचेच आहे. माहूर आमच्यापासून फार लांब नाही. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीच्या काळात नष्ट झाली आणि पुढे अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले, अशी पंथाची परंपरा सांगते. स्मरणे अर्थातच जुळली नाहीत. तेव्हा त्यांनी काय केले? एका आचार्याचे स्मरण प्रमाण मानून इतरांची पुसून टाकली नाहीत. लीळेच्या ओघातच, अमक्याची 'वासना' अशी आहे, असे सांगणाऱ्याच्या नावानिशी वेगळा पाठ नोंदवला. कोणी काय सांगितले हे त्यामुळे टिकले, आणि कोणी सांगितले हेही टिकले. सातशे वर्षांपूर्वीच्या या माणसांना स्वामींच्या एका वाक्याबद्दल जेवढी दक्षता वाटत होती, तेवढी आपल्याला आपल्याच आजीच्या वाक्याबद्दल वाटू नये, हे बरे नाही.

घरातील पुरुषांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. त्यांचा अभिमान पोकळ नाही. या भागातील सामान्य माणसांची नावे मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात फार थोडी आली. ३० जानेवारी १९४८ च्या उमरी बँकेवरील धाडीसारख्या मोठ्या घटना लिहिल्या गेल्या, पण नदीकाठच्या घरांनी लपवलेली माणसे आणि खाऊ घातलेल्या भाकरी कोठे नोंदल्या गेल्या? ज्यांच्याजवळ दुसरा कोणताही पुरावा नाही, ते एका छायाचित्राला धरून बसतात. फटफटी त्यांना पुराव्यासारखी वाटते, कारण ती जड आहे, लोखंडी आहे, दिसते. त्यांच्या हातून ती काढून घ्यायची तर तिच्या बदल्यात त्यांना अधिक भक्कम काहीतरी देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. भिंतीवरून छायाचित्र उतरवताना आम्ही हे विसरलो होतो.

ते भक्कम काहीतरी आजींजवळ होते, हे त्यांना पटवायला आम्हाला आणखी तीन खेपा घालाव्या लागल्या. पूर्ण पटले असे म्हणवत नाही. धाकट्याला बीएसएचे फार कौतुक वाटले. तीन बंदुकांची खूण असलेली, बंदुकांच्या कारखान्यातून निघालेली कंपनी, हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे बुलेटपेक्षा भारीच की!" थोरल्याने आईचे नाव निघाल्यावर मान खाली घातली आणि एवढेच म्हटले, "लिहा मग. पण आजीच्या नावानं लिहा." नकळत त्यांनी महानुभावांची रीत सांगितली होती.

आता ते छायाचित्र आमच्या विभागाच्या भिंतीवर आहे. रंगवलेली प्रत नाही, मूळ प्रतीवरून काढलेली कृष्णधवल. खालचे टिपण त्या विद्यार्थिनीनेच नव्याने लिहिले आहे.

'लाकडाचा डेपो, इस्लापूर परिसर. बहुधा १९४८ च्या अखेरीपासून १९५६ च्या आसपासपर्यंतच्या काळातील. मोटारसायकल ब्रिटिश, बहुधा बीएसए एम-२०. मोठ्या आजीच्या सांगण्यानुसार ती ठेकेदाराची. उभे आहेत ते आमचे पणजोबा, डेपोचे मुनीम. मुक्तिसंग्रामात त्यांनी निरोप पोहोचवले, असे घरात सांगतात. निरोप पणजी भाकरीच्या टोपलीतून नेत असे, असे मोठी आजी सांगते. टाकीवर बसलेली मुलगी म्हणजे मोठी आजी. पणजीचे छायाचित्र उपलब्ध नाही.'

टिपण जरा लांबले आहे, असे पाहणारे म्हणतात. आम्हाला त्यातला एकही शब्द कमी करता येत नाही.